माणसांसकट घाट

ढाणकीच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो काढतो, मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर, आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. नवरा मागच्या खोलीत बसतो, मी कॅमेरा घेऊन हिंडते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे उलट होतं. तो लग्नांचे फोटो काढायला जायचा आणि मी अल्बम लावत बसायची. मग त्याची कंबर धरली. एका लग्नात ऐन हार घालायच्या वेळी त्याला उभं राहवेना, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात आला. मांडवात कुजबुज झाली. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं माझ्या तोंडावर विचारलं, "मानसं मेले काय सारे, बाई कायले पाठवली?" मी त्याचाही फोटो काढला. चांगला आला होता. त्या दिवसानंतर कॅमेरा मी परत दिला नाही.

पुढे ड्रोन घेतला. तो उडवायला शिकले. शिकताना एकदा बाभळीत अडकवला, एकदा शेजाऱ्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर उतरवला. आता हात बसला आहे.

पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं मंगल कार्यालय झालं, तेव्हा तिथली बरीच लग्नं माझ्याकडे आली. मालक बोलायला मऊ माणूस होता. आधी चहा मागवायचा, मग विषय काढायचा. एक दिवस त्यानं मला जेवणाच्या हॉलमध्ये नेलं. नवीन रंग दिला होता आणि तीन लांब भिंती मोकळ्या होत्या.

"ताई, इथं मला मोठे देखावे लावायचे आहेत," तो म्हणाला. "काश्मीर, स्वित्झर्लंड सगळ्यांकडे असतं. मला आपल्या भागातलं पाहिजे. असं की जेवता जेवता माणूस बघतच राहील."

मी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एकच जागा तीन बाजूंनी दाखवते. नदीवरून, कड्यावरून आणि आकाशातून."

त्याला हे फार आवडलं. "कोणती जागा?"

"पैनगंगेवर एक डोंग्याचा घाट आहे. तिथं नदी वळते. समोर काळा कडा आहे."

तो म्हणाला, करा. ती जागा माझ्या आईचं माहेर आहे हे मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

घाट म्हटल्यावर दगडी पायऱ्या, देऊळ, दीपमाळ असं काही डोळ्यांसमोर आणू नका. नदीची उंच दरड फोडून काढलेली एक रुंद उतरंड आहे. खाली पाण्याला टेकून पत्र्याचा डोंगा बांधलेला असतो. माणसं, सायकली, शेळ्या, तुरीची पोती त्यातून पलीकडच्या जिल्ह्यात जातात. दरडीच्या वर आमच्या लोकांची वस्ती आहे. विहार आहे, त्यावर पंचशील झेंडा आहे. मूळ गाव तिथून आत, उंचावर. पूर आला की पाणी आधी वस्तीत येतं आणि गावाला ते दुसऱ्या दिवशी कळतं. जागा वाटणाऱ्यांनी ती तशीच वाटली होती.

माझ्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. ढोरं ओढणं बंद, फुकट राबणं बंद. त्यावर गावानं विहीर बंद केली आणि शेतातली मजुरी बंद केली. मग वस्ती दोरानं वर ओढलेलं नदीचं पाणी प्यायली. मजुरी पलीकडच्या काठावर मिळत होती, पण दरड सरळ तुटलेली होती, उतरायला वाट नव्हती. म्हणून सगळ्यांनी मिळून कुदळी घेतल्या आणि दरड फोडली. आई तेव्हा लहान होती. टोपल्यात माती भरून नदीत टाकायचं काम लेकरांकडे होतं, असं ती सांगायची. एका उन्हाळ्यात घाट झाला. आज त्या घाटावरून गावातलेही सगळे उतरतात. उतरू द्यावं. वाट आहे ती.

डोंगा आता माझा मामा चालवतो. मी फोन करून म्हटलं, "मामा, फोटो काढायले येते. घाटाचे. पुसदच्या रोडवरच्या मोठ्या हॉलात लावायचे हायेत."

"ये ना बाई," मामा म्हणाला. "घाट काय कुठं पळून नाही चालला."

हा फोन मामीनं ऐकला होता. त्याचा परिणाम मला पोहोचल्यावर कळला.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नदी भरलेली होती आणि पाणी निवळलं होतं. कपाशी फुटायला लागली होती. सकाळी मामा आणि मी उतरंडीवरून खाली गेलो तर घाटावर लग्नाला निघाल्यासारख्या बायका उभ्या. काठाच्या साड्या, डोक्यात अबोली, एकीच्या कडेवरच्या लेकराला तर नवा स्वेटर. मामी सगळ्यांच्या पुढे.

"मामी, हे काय?"

"हॉलात लावून राह्यली ना तू? मोठमोठे लोक जेवतीन तिथं. मंग आम्ही काय मळक्या लुगड्यावर राहाव?"

मी म्हटलं, "मामी, देखावा आहे तो. तुम्ही सगळ्या अगदी बारीक दिसाल."

"बारीक दिसलो तं दिसलो. पन दिसू ना?"

"दिसाल."

"मंग झालं तं."

आधी मामानं मला पलीकडे सोडलं. कड्यावर चढायला बाजूनं गुरांची वाट आहे. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन मी वर गेले आणि मागे वळून पाहिलं. मी लहानपणापासून तो घाट पाहत आले, पण खालून. कड्यावर कधी चढले नव्हते. शेळ्या चारणारी पोरं तिथं जायची, आम्हा पोरींना मनाई होती. नदी डावीकडून रुंद येत होती, कड्याच्या पायाशी काळी पडून वळत होती आणि उजवीकडे झाडीत शिरत होती. समोर दरडीतली ती उतरंड, वर घरांचे पत्रे, विहाराचा पांढरा कळस, झेंडा, आणि मागे दूरपर्यंत कपाशी आणि तूर. कुठल्याही चित्रात असती तर त्या उतरंडीला कोणी सुंदरच म्हटलं असतं. आणि ती माझ्या आजोबांनी फोडली होती. मी हात केला. घाटावरच्या सगळ्या बायकांनी हात केले. मी डावीकडून उजवीकडे एकेक फोटो घेत गेले, घरी जोडून एक लांब देखावा करायचा म्हणून.

मग डोंग्यातून. डोंगा हलतो, म्हणून ते काम अवघड होतं. मामानं नदीच्या मध्यावर बांबू तळाशी रोवून डोंगा धरून ठेवला आणि मी बसल्या जागी वळत वळत फोटो घेतले. मी निम्म्यात होते तेव्हा मामीला वाटलं, आपण कडेला पडलो. ती उठून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मला ते दिसलंही नाही.

शेवटी ड्रोन. तो मी डोंग्यातूनच उडवला, कारण मला घाट पाण्याच्या बरोबर वरून पाहिजे होता. तो वर गेला आणि पडद्यावर नदीचं वळण हळूहळू उघडत गेलं. वस्ती, घाट, कडा सगळं एकत्र मी पहिल्यांदा पाहत होते. मामा बांबू टाकून माझ्या खांद्यावरून पडद्यात बघायला लागला. "हे आपलं घर का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो. "लहान हाये," तो म्हणाला आणि बघत राहिला.

तेवढ्यात एक घार आली. ड्रोनभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी, अगदी जवळून. मी घाबरून परत बोलावण्याचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की ड्रोन जिथून उडाला त्याच जागी येऊन उतरतो. तो आला आणि डोंग्यापासून लांब, पाण्यावर उतरायला लागला. मामानं बांबू सोडल्यापासून डोंगा वाहत खाली आला होता, आणि ड्रोनला वाटत होतं आपण बरोबर जागी आहोत.

"मामा, तिकडं घ्या," मी ओरडले.

मामानं बांबू उचलला आणि असा रेटा दिला की मी तळात आपटले. मी आपटल्या आपटल्या उतरणं थांबवलं, ड्रोन पाण्याच्या थोडा वर थरथरत थांबला. डोंगा त्याच्याखाली गेला. मामानं दोन्ही हात वर केले आणि कोंबडी धरावी तसे त्याचे पाय धरले. पंखे फिरत होते, त्याच्या डोक्यावरचा रुमाल उडून पाण्यात गेला. पण त्यानं सोडलं नाही. काठावर बायका टाळ्या वाजवत होत्या.

स्टुडिओत नवऱ्यानं फोटो जोडले. नदीवरच्या देखाव्यात मामी दोनदा आली होती. एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या, दोन्हीकडे तीच जांभळी साडी आणि तेच कमरेवर हात. आम्ही खूप हसलो. तो म्हणाला, एक काढतो. मी म्हटलं, राहू द्या, तिले आवडंल. छोट्या प्रती मालकाला पाठवल्या आणि मी एका साखरपुड्याच्या कामाला निघून गेले.

दुपारी परत आले तर पडद्यावर कड्यावरून घेतलेला देखावा मोठा करून ठेवलेला होता. नदी होती, कडा होता, उतरंड होती. वर दरडीवर हिरवं गवत होतं आणि करंजाची झाडं होती. मी क्षणभर ती जागा ओळखली नाही. घरं नव्हती. विहार नव्हता, झेंडा नव्हता. घाटावर एकही बाई नव्हती. खाली रिकामा डोंगा होता.

नवऱ्यानं तिन्ही देखाव्यांत हे काम फार सफाईनं केलं होतं. करंजाच्या सावल्यासुद्धा बरोबर पडल्या होत्या.

"हे काय हाये?" मी विचारलं.

"मालकाचा फोन आलता. लय खूश होता. म्हने, थोडी सफाई पायजे. वस्ती काढा, झेंडा काढा, बाया काढा. डोंगा ठेवा म्हने, डोंगा बरा वाटते."

"आन तुम्ही काढलं."

"मी काय कोनाचं घर पाडलं? फोटोतलं तं काढलं."

"तुमच्या सासूचं घर होतं ते."

तो आवाज उतरवून म्हणाला, "तुले मालूम हाये आपलं दुकान कसं चालते. कोन येते, कोन नाही येत. त्या हॉलातून इतके लगनं येतात. एका फोटोसाठी कायले भांडत बसाचं?"

तो खोटं बोलत नव्हता. बाजारात आमच्या शेजारच्या दुकानदारानं पहिली कित्येक वर्षं आमच्याकडचं पाणी घेतलं नव्हतं. हसून, हात जोडून, आत्ताच प्यालो म्हणायचा. माझा नवरा हे सगळं पोटात घालून दुकान उभं करणारा माणूस आहे. मी त्याच्यावर चिडले नाही. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"माही माय टोपल्यात माती भरून नदीत टाकत होती," मी म्हटलं. "तो घाट तिनं केला. आता घाट ठेवाचा आन तिले काढून टाकाचं? त्या गावानं एवढं केलं तरी वस्ती हटली नाही. आन आपन तिले आपल्या दुकानात बसून हटवून राह्यलो."

तो पडद्याकडे वळला. मग त्यानं मागं जाण्याचं बटण दाबलं. एक करंज गेला, एक पत्रा आला. तो दाबत राहिला. एकेक घर परत येत गेलं, मग विहार, मग झेंडा, मग बायका. सगळ्यात शेवटी स्वेटरवालं लेकरू आलं.

"जाऊन सांग त्याले," तो म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी गेले. मालकानं चहा मागवला.

"ताई, माझ्या मनात वस्तीबद्दल काही नाही," तो म्हणाला. "माझ्या हॉलमध्ये सगळ्यांची लग्नं होतात, तुम्ही पाहताच. पण हा देखावा आहे. झेंडा दिसला की लोक विचारणार, कोणाची वस्ती आहे. जेवताना तो विषय कशाला?"

"विचारलं तर सांगायचं."

"मी धंदा करतो ताई."

"मीही धंदाच करते. घाट आहे तसा घेत असाल तर देते. नाहीतर नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी घासाघीस करते आहे. "दोन झाडांनी काय फरक पडतो? कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. तिथं झाडं नाहीत. तिथं माझ्या मामाचं घर आहे."

हे ऐकून त्यानं कप खाली ठेवला. थोडा गोंधळलाही. "तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "राहू द्या मग. फोटो काढणारे पुष्कळ आहेत." मी चहा पिऊन उठले. चहा सोडून उठायचं नाही हे मी ठरवूनच गेले होते. त्या दिवसापासून त्या हॉलमधली कामं मला यायची थांबली.

खरी पंचाईत वस्तीवर होती. मामी दर आठवड्याला फोन करून विचारायची, फोटो टांगले का. शेवटी मी जाऊन सांगितलं. मामाच्या ओसरीवर बसलो होतो. त्याची नात यवतमाळला नर्सिंग शिकून आलेली, तिचं लग्न राजूरच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा कोळसा खाणीत कामाला. घरात त्याचीच बोलणी चालू होती. मी सगळं सांगितलं, करंजाच्या झाडांसकट.

मामा म्हणाला, "जाऊ दे बाई. त्याची भिंत हाये. त्याले जे लावाचं ते लावन तो."

मामीनं भाजी निवडायचं थांबवलं होतं. नातीनं विचारलं, "आत्या, माही आजी दोनदा आलती, तेही काढलं होतं का?" मी म्हटलं, दोन्ही.

मामी हसली. मग म्हणाली, "त्या हॉलात लगन लावाले काय लागते?"

"बुकिंग लागते."

"आपल्याले देतीन?"

"नाही म्हणता येत नाही त्याले. सगळ्यांचे होतात."

"मंग कर बुकिंग."

मामा म्हणाला, "अवो, लगन घाटावर मांडव टाकून ठरलं होतं ना आपलं? कायले इतक्या दूर?"

"घाटावर आपन रोजच राहतो," मामी म्हणाली. "त्या भिंतीवर एक दिवस राहून पाहू."

मामानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुह्या पुढं कोनाचं चालते." पण त्याच्या आवाजात नाराजी नव्हती.

मामा, त्याचा मुलगा आणि मी बुकिंगला गेलो. मालक नव्हता, मॅनेजर होता. मी त्याला नीट विचारलं, जेवणाच्या हॉलमधली सजावट कोणाची. तो म्हणाला, पार्टीची. फुलं लावा, कापड लावा, बॅनर लावा, फक्त भिंतीला खिळा मारायचा नाही. मी म्हटलं, खिळा मारणार नाही.

फ्लेक्स छापून आणायचं काम नवऱ्यानं आपण होऊन घेतलं. पुसदला जाऊन तो मशीनपाशी उभा राहिला, कारण निळा रंग नीट येत नव्हता. झेंड्याचा निळा उतरल्याशिवाय त्यानं पुढचं छापू दिलं नाही. लग्नाच्या सकाळी तो आणि मामेभाऊ लोखंडी पाईप आणि दोर घेऊन सगळ्यांच्या आधी हॉलवर पोहोचले. कमरेला पट्टा बांधून त्यानं पाईप उभे केले. मी बस म्हटलं तर बसला नाही. एका भिंतीवर नदीवरून दिसणारा घाट, दुसरीवर कड्यावरून, तिसरीवर आकाशातून. खिळा एकही मारला नाही.

लग्न लागलं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या शर्टात, त्रिशरण, पंचशील, फुलं. मग जेवणाचा हॉल उघडला. आमची माणसं आत गेली आणि दारातच थांबायला लागली. मागून ढकलाढकली. पुढे गेल्यावर लोक पंगतीत बसायचं सोडून भिंतीला लागून चालत होते, बोटानं दाखवत होते. "हे माहं घर." "हा आपला गोठा." "अबे, तुही सायकल पाय." स्वेटरवाल्या लेकराला त्याच्या आईनं उचलून त्याच्याच फोटोसमोर धरलं, पण त्याला स्वतःपेक्षा शेळी आवडली. मामी दोन्ही टोकांना नेऊन सगळ्यांना स्वतःला दाखवत होती. राजूरकडचे पाहुणे विचारायचे, "कोनतं ठिकाण हाये हे? पिकनिकले जाता येते का?" आणि कोणीतरी ताठ मानेनं सांगायचं, "आमचं गाव. आमचा घाट. आमच्या बुढ्यायनं फोडला."

एक फार म्हातारी बाई आली होती, आईच्या वेळची. ती आकाशातून काढलेल्या देखाव्यासमोर उभी राहिली. मी तिला हाताला धरून समजावून सांगितलं, ही नदी, हा कडा, ही उतरंड. ती म्हणाली, "इतकी माती आमी काढली काय?" आणि तिनं फ्लेक्सवर त्या उतरंडीवरून तळहात फिरवला.

दुपारी मालक आला. पाहुण्यांना हात जोडत, नेहमीसारखा हसत आत आला आणि थांबला. तिन्ही भिंती पाहिल्या. मला गाठून हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे बरं नाही केलं. उतरवा ते."

"सजावट पार्टीची असते," मी म्हटलं. "मॅनेजरला विचारून लावलंय."

"सजावट म्हणजे हे नव्हे. तुम्हाला समजतंय मी काय म्हणतोय."

मला समजत होतं. मी तेच म्हणणार होते, एवढ्यात मामी आली. तिला कोणी सांगायची गरज पडली नाही, तिनं त्याचा चेहरा पाहिला होता.

"तुम्ही मालक का?" तिनं विचारलं.

"हो, काकू. हे फोटो..."

"बरे आले ना? मी दोनदा आली त्याच्यात." तिनं एक टोक दाखवलं, मग दुसरं. "तुमच्या भिंतीले शोभून राह्यले."

"काकू, असं चालत नाही. काढावे लागतील."

"काढतो ना," मामी म्हणाली. "आमचं लगन झालं का काढतो. आजचा दिवस हॉल आमचा हाये, भाऊ. आम्ही भाड्यानं घेतला, मागून नाही घेतला. तुम्ही आले तं जेवून जा."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. पण जवळच्या पंगतीतली माणसं जेवायची थांबली होती. माझा नवरा उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मामाही आला. तो आयुष्यात कोणाशी भांडलेला मी पाहिला नव्हता, आणि तेव्हाही तो नुसता कडेला उभा राहिला.

मालक म्हणाला, "आज उपवास आहे माझा."

"मंग चहा घ्या," मामी म्हणाली आणि चहा मागवला.

तो कप हातात घेऊन उभा राहिला. निघूनही जाता येईना आणि बसताही येईना. त्यानं दोन घोट घेतले. चहा पिताना तो आकाशातून काढलेल्या देखाव्याकडे पाहत होता. मग मला म्हणाला, "नदी खरंच एवढी वळते?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, अर्धा कप तसाच ठेवला, पुन्हा हात जोडले आणि गेला. त्यानंतर पंगती परत सुरू झाल्या आणि वाढणाऱ्यांना उसंत मिळाली नाही.

त्याचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात त्या भिंतींवर कुठल्या तरी परदेशातली तळी लागली, बर्फाचे डोंगर आणि लाकडी घरं, असं मला एका वाढप्यानं सांगितलं. त्या हंगामात आमचं काम कमी झालं. नवऱ्यानं ते बोलून दाखवलं नाही. पुढे हळूहळू दुसरीकडची लग्नं आली. पलीकडच्या काठावरच्या एका गावानं आमचाही घाट वरून काढून दे म्हणून बोलावलं, तिथं मी जाऊन आले. आजही कोणी मला फोटोतून माणसं काढायला सांगितली की मी आधी विचारते, कोणती आणि काहून. बहुतेक जण तिथंच थांबतात.

लग्नाच्या संध्याकाळी आम्ही फ्लेक्स उतरवले. शब्द दिला होता तसे. नवरी राजूरच्या गाडीत बसून गेली होती, मामा डोळे पुसून मोकळा झाला होता आणि ट्रॅक्टरची ट्रॉली बाहेर उभी होती. मामेभाऊ फ्लेक्सची गुंडाळी करायला लागला.

"गुंडाळू नका," मामी म्हणाली.

"माय, एवढं लांब कसं न्याचं?"

"धरून न्याचं. मानसं काय कमी हायेत?"

मग वस्तीतली माणसं ट्रॉलीत दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि घाट हातात ताणून धरला. बाकीचे दोन देखावे मागच्या टेम्पोच्या दोन्ही अंगांना बांधले. ट्रॅक्टर हॉलच्या फाटकातून बाहेर पडला आणि बाजाराच्या रस्त्याला लागला. दुकानदार दारात येऊन बघत होते. वारा फ्लेक्समध्ये भरत होता, धरणाऱ्यांचे हात भरून येत होते, तरी कोणी खाली सोडत नव्हतं. एका चौकात ट्रॅफिक अडली, तेव्हा एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "मोर्चा हाये का काय?"

"नाही," मामी वरून म्हणाली. "घरी चाललो."